आधी मोजा, मग झाकण!

रत्नागिरीचा पाऊस म्हणजे बैठ्या खेळांचा हंगाम! परवा आम्ही माळ्यावरची खोकी काढली. सापशिडीला बुरशी, लुडोचा फासा गायब! धाकटीचा चेहरा एवढासा झाला.

आपल्या कोकणातल्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पाहिलीत? दहा अवतार, प्रत्येकाची १२ पानं. म्हणजे १२० गोल पानं, पण सगळी एका रंगीत पेटीत! त्यातलं एक पान हरवलं, तरी डाव अडतो.

मग आम्हीही ठरवलं: प्रत्येक खेळाला स्वतःचा डबा, झाकणावर सोंगट्या-फाशांची संख्या. मोजल्याशिवाय झाकण लावायचं नाही. डबे माळ्यावर नाहीत, कोरड्या कपाटात. कपाट भरलं, की नवा खेळ आणण्याआधी पडून असलेला एक शेजारच्या मुलांना द्यायचा. तोसुद्धा मोजून हं!