मंडळीचे दार

एखाद्या धर्मपंथाची पारख करावयाची झाली म्हणजे त्याच्या ग्रंथात काय लिहिले आहे हे लोक प्रथम पाहतात. आमच्या मते त्याचे दार प्रथम पाहावे. आत कोण येऊ शकतो, आत आल्यावर त्याला कोठे बसवितात आणि त्याला बाहेर घालविण्याचा अधिकार कोणाच्या हाती असतो, एवढे कळले म्हणजे त्या पंथाच्या समतेची खरी किंमत कळते. या दृष्टीने अमेरिकेतील मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची गेल्या काही दशकांतील हकीकत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

या पंथाचा उगमच बंडात आहे. २१ जानेवारी १५२५ रोजी स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरी काही तरुणांनी एकमेकांना नव्याने बाप्तिस्मा दिला. तान्ह्या मुलाच्या कपाळी पाणी लावून त्याला ख्रिस्ती ठरविणे त्यांना मान्य नव्हते. धर्म जन्माने चिकटत नाही, जाणत्या माणसाने तो विचारपूर्वक पत्करावा लागतो, असे त्यांचे म्हणणे होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास ज्यांच्या घरच्या माणसांनी स्वतःच्या मुखाने प्रतिज्ञा उच्चारल्या, त्यांना या म्हणण्याचे मोल निराळे सांगावयास नको. झुरिकच्या सत्ताधाऱ्यांना मात्र तो द्रोह वाटला. जानेवारी १५२७ मध्ये फेलिक्स मान्झ यास बांधून लिमाट नदीत बुडविण्यात आले. पुढे फ्रीसलंड प्रांतातील मेनो सिमन्स या धर्मगुरूने १५३६ साली आपले रोमन कॅथलिक पद सोडून या विखुरलेल्या लोकांना सावरले. त्याच्याच नावाने पंथ ओळखला जातो.

मेनोनाइटांची उपासना साधी असते. मूर्ती नाहीत, भपका नाही. गाणे मात्र सर्वांचे असते. कित्येक मंडळ्यांत वाद्यांवाचून, चार निरनिराळ्या सुरावटींत सारी सभा एकदम गाते. गाणाऱ्यांचा वेगळा वर्ग नसतो. शेतकऱ्याने, शिक्षिकेने, म्हाताऱ्या आजीने आपापली सुरावट लहानपणीच उचललेली असते. उपासनेत थोडा वेळ राखून ठेवतात. कोणाच्या घरी आजार आहे, कोणाची नोकरी गेली, कोणास मूल झाले, ते ज्याचे त्याने उभे राहून सांगावे. नंतर पुष्कळदा घरोघरून आणलेल्या अन्नाचे सहभोजन होते. काही मंडळ्यांत आजही सभासद गुडघे टेकून एकमेकांचे पाय धुतात. पाय कोणी कोणाचे धुवावेत हे ज्या देशात जातीने ठरत आले, तेथील माणसाने हे दृश्य एकदा तरी पाहावे.

अशा लोकांच्या घरातही दार बंद झाले. १९८६ व १९८७ साली त्यांच्या दोन मोठ्या संघांनी ठराव केले. समलिंगी शरीरसंबंध पाप होय असे त्यांत म्हटले होते; आणि या प्रश्नावर परस्परांशी प्रेमाने संवाद चालू ठेवू, असे वचनही त्याच ठरावांत होते. पहिल्या भागाची अंमलबजावणी तत्परतेने झाली. दुसरा भाग कागदावर राहिला.

फिलाडेल्फियातील जर्मनटाऊनची मंडळी ही उत्तर अमेरिकेतील सर्वांत जुनी मेनोनाइट मंडळी. तिचा आरंभ १६८३ सालचा. १६८८ मध्ये याच वस्तीतील चौघांनी गुलामगिरीविरुद्ध निवेदन लिहिले. ते क्वेकर सभेपुढे ठेवले गेले, तरी सही करणाऱ्यांपैकी काहींचे घराणे मूळचे मेनोनाइट होते. या जुन्या मंडळीने समलिंगी स्त्री-पुरुषांना पूर्ण सभासदत्व दिले. त्यांनी मागच्या बाकावर गुपचूप बसावे अशी ती सवलत नव्हती; बाप्तिस्मा, भोजन, मत, सेवा या सर्वांत त्यांचा वाटा होता. या अपराधाबद्दल १९९७ साली फ्रँकोनिया परिषदेने या मंडळीस बहिष्कृत केले. जी सर्वांच्या आधी आली तीच परकी ठरली!

विरोधकांचे म्हणणे आम्ही टाळू इच्छित नाही. ते म्हणतात, ज्या मंडळीत माणूस स्वेच्छेने येतो, तिला शिस्त लावण्याचा अधिकार असलाच पाहिजे. शिस्त नसेल तर प्रतिज्ञेला अर्थ काय? हे खरे आहे. मद्यपी, लबाड, बायकोला मारणारा यांस जाब विचारलाच पाहिजे. परंतु ज्याने कोणाचा घात केला नाही, ज्याची निष्ठा आपल्या जोडीदाराशी अढळ आहे, त्याला केवळ तो जसा आहे त्याबद्दल दंड करणे ही शिस्त नव्हे. तो विटाळ होय, आणि विटाळाला शास्त्राधार नेहमीच सापडतो. स्त्रीने उपदेशपीठावर उभे राहू नये, यालाही शास्त्राधार होताच. तरी १९११ साली नेदरलंड्समध्ये आना झेर्निके ही त्या देशातील पहिली स्त्री पाळक झाली, ती एका मेनोनाइट मंडळीतच.

२९ मे २०२२ रोजी कॅन्सस सिटी येथे अमेरिकेतील मेनोनाइट चर्चच्या प्रतिनिधींची सभा भरली. पाळकांनी समलिंगी विवाह लावू नयेत हा नियम तिने रद्द केला. समलिंगी बंधुभगिनींना जी इजा झाली तिची कबुली देऊन पश्चात्ताप व्यक्त करणारा ठरावही तिने संमत केला. मात्र तो बेताच्याच मताधिक्याने. लँकेस्टरची मोठी परिषद तर त्याआधीच, २०१७ अखेर, बाहेर पडली होती. एकीचे मोल देऊन हा न्याय मिळाला, अशी काहींची तक्रार आहे. पण ती एकी कोणास बाहेर उभे करून टिकविली होती, हे तक्रार करणारे सांगत नाहीत.

आणि हा ठराव झाला तरी कोणास सभासद करून घ्यावयाचे, हे प्रत्येक मंडळी अद्याप आपल्यापुरते ठरविते. नव्या गावी गेलेल्या समलिंगी जोडप्याला पहिल्या रविवारी गाणे सुरू होण्यापूर्वी कोणास तरी गाठून, आम्ही येथे चालू का, असे आजही विचारावे लागते.