खिलाडूवृत्ती कोणी कोणाकडे मागावी?

पोळा सरतो, कपाशीला बोंडे धरू लागतात आणि वऱ्हाडातील शाळांच्या मैदानांवर फक्कीच्या पांढऱ्या रेषा उमटू लागतात. अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे वलगाव असो की अकोल्याकडचे एखादे खेडे, शालेय क्रीडास्पर्धांचा हंगाम सर्वत्र सारखाच. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट, तालुक्यातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून विभागात आणि तेथून राज्य पातळीवर जाण्याची धडपड, आणि शर्यतीच्या शेवटी हटकून उद्भवणारा वाद. कोणाचा पाय शेजारच्या पट्ट्यात पडलेला असतो, कोणी इशाऱ्याआधीच सुटलेला असतो. पंच त्याला बाद ठरवतात. लगेच शिक्षक आणि पालक पंचांच्या टेबलाकडे धाव घेतात. ‘लहान लेकरू आहे, जरा खिलाडूवृत्ती दाखवा!’ असा आर्जव सुरू होतो आणि दहा मिनिटांत त्याचे रूपांतर हमरीतुमरीत होते.

त्याच दिवशी, त्याच मैदानावर १४ वर्षांखालील गटात मिसरूड फुटलेला एखादा तरुण ऐटीत उभा असतो. त्याच्याविषयी मात्र कोणी चकार शब्द काढत नाही.

बालक्रीडेतील नियम आणि खिलाडूवृत्ती यांच्या वादाचे खरे स्वरूप या दोन दृश्यांत सामावले आहे. खिलाडूवृत्ती हा गुण स्वतः दाखवायचा असतो. तो पंचांकडून किंवा प्रतिस्पर्ध्याकडून सवलत म्हणून मागून घ्यायचा नसतो. परंतु आपल्याकडे हा शब्द बहुधा ज्याच्या पाठीशी माणसे उभी आहेत त्याच्याच तोंडी ऐकू येतो. ज्याच्या मागे कोणी नाही, त्याला सवलत नको असते. त्याला केवळ नियम हवा असतो.

याचे सर्वात बोचरे उदाहरण महाराष्ट्राच्याच मातीतले आहे. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव बँटमवेट गटात कुस्ती खेळत होते. जपानच्या शोहाची इशीबरोबरची प्रदीर्घ लढत संपताच त्यांना सोव्हिएत संघाच्या राशीद मामेदबेकोव्हशी झुंजण्यास उतरवण्यात आले. दोन लढतींमध्ये किमान ३० मिनिटांची विश्रांती द्यावी, असा नियम होता. पण त्या नियमावर बोट ठेवून भांडण्यासाठी भारतीय पथकाचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले आणि कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या पदकाचे गुणगान करताना एक गोष्ट विसरली जाते. त्या दिवशी खाशाबांना कोणाची दया नको होती. पुस्तकात छापलेला नियम कोणीतरी काटेकोरपणे पाळला असता तर पुरेसे होते.

वयचोरीचा प्रश्न याच दृष्टीने पाहिला पाहिजे. वाढत्या वयात दोन वर्षांचे अंतर म्हणजे काय, हे कोणत्याही शेतकरी आईला पुस्तक न वाचता कळते. खांदे रुंदावतात, टांग लांबते, दम वाढतो. सोळाव्या वर्षीचा मुलगा तेराव्या वर्षीच्या मुलाशेजारी उभा राहिला की शर्यत सुरू होण्यापूर्वीच संपलेली असते. जन्माची उशिरा झालेली नोंद, शाळा बदलताना बदललेली तारीख, नवा दाखला. कागद सहज तयार होतो. आणि ज्याचे वय खरे आहे असा, अनवाणी धावणारा एखादा मजुराचा मुलगा प्राथमिक फेरीतच मागे पडतो. त्याच्या वतीने हरकत नोंदवणारा कोणी नसतो. तो घरी जातो आणि पुढच्या वर्षी मैदानावर येतच नाही. बाद झालेल्या मुलाचे रडणे सर्वांना दिसते. हा मुलगा कोणाला दिसत नाही.

केंद्र शासनाने २०१० मध्ये वयचोरीविरोधी राष्ट्रीय संहिता आणली, मनगटाच्या क्ष-किरण तपासणीचा मार्ग सुचवला. ही तपासणी अचूक नाही. हाडांची वाढ सर्वांची सारखी नसते, आणि एखाद्या प्रामाणिक मुलाच्या वाट्यालाही संशय येऊ शकतो. म्हणूनच फेरतपासणीची सोय आणि दाद मागण्याची संधी हवी. परंतु तपासणीत चुका होतात म्हणून तपासणीच नको, हा युक्तिवाद लबाडीचा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत उत्तेजक चाचणीचे पथक आल्याची कुणकुण लागताच पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू उतरला! नियम केवळ दारात उभा राहिला तर मैदान असे रिकामे होत असेल, तर तो दारात नसताना तेथे काय चालत असेल?

मग कठोरपणा सर्वत्र सारखाच असावा काय? मुळीच नाही. पायाची चूक आणि कागदाची लबाडी यांना एकाच तराजूत तोलणे हेही अन्यायकारकच. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने स्वतःच हा विवेक केला आहे. २०१० पासून पहिल्याच चुकीच्या आरंभाला धावपटू बाद होतो. पण डेकॅथलॉनसारख्या संयुक्त स्पर्धांत प्रत्येक शर्यतीत एकदा सूट कायम आहे. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये गोविंदन लक्ष्मणनचे कांस्यपदक धावमार्गाच्या आतल्या कडेबाहेर पाय पडल्याने गेले. त्यानंतरच्या वर्षांत वळणावर एकदाच रेषेवर पडलेल्या पावलाकडे काणाडोळा करण्याची तरतूद नियमातच झाली. नियम सैल करायचा तर तो असा, सर्वांसाठी आणि शर्यतीआधी. शर्यत संपल्यावर, टेबलाभोवती गर्दी करून नव्हे.

आणि खरी खिलाडूवृत्ती? मेलबर्नमध्ये १९५६ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय स्पर्धेत एक मैलाची शर्यत चालू असताना १९ वर्षांचा रॉन क्लार्क पडला. मागून येणारा जॉन लँडी त्याच्यावरून उडी मारून पुढे गेला, थांबला, परत आला, मुलाला विचारले आणि मग धावून शर्यत जिंकला. त्याने कोणाकडे काही मागितले नाही, स्वतःचे सेकंद दिले. २०१९ मध्ये दोहा येथे गिनी-बिसाऊच्या ब्राइमा डाबोने कोसळू लागलेल्या अरुबाच्या जोनाथन बझबीला आधार देत अंतिम रेषेपर्यंत आणले. मदत घेतल्याबद्दल बझबी बाद ठरला. डाबोचा प्रामाणिक खेळाचा पुरस्कार देऊन गौरव झाला. नियम मोडला तेथे दंड झाला आणि माणुसकीचा सत्कारही झाला. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतात, याचा हा स्वच्छ पुरावा.

महाभारतातील गदायुद्धाचा प्रसंग आपल्याकडे भीमाच्या पराक्रमासाठी सांगितला जातो. त्यातील बलरामाचा संताप मात्र सांगायचा राहून जातो. नाभीखाली प्रहार करू नये हा नियम भीमाने मोडला तेव्हा बलराम नांगर उचलून धावला. भीम आणि दुर्योधन दोघेही त्याचे शिष्य होते. दुर्योधनाची पापे काय होती, हे बलरामाला ठाऊक नव्हते असे नाही. परंतु आखाड्यापुरता तो फक्त गुरू होता. श्रीकृष्णाने त्याला आवरले खरे. तरी तो समाधान न होता द्वारकेला निघून गेला. आपल्याच शाळेच्या मुलांच्या शर्यतीत पंच म्हणून उभ्या राहणाऱ्या क्रीडाशिक्षकाची कोंडी याहून फार निराळी नसते.

या शिक्षकाला एकटे सोडून चालणार नाही. शर्यतीच्या निकालाशी आता पुष्कळ काही बांधले गेले आहे. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, २००५ पासून शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत, आणि बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणेही राज्यात उघडकीस आली आहेत. पेढी नदीच्या पुलावर, वलगावजवळ, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. आधी गाव झाडायचे आणि मगच भाकर मागायची, हा त्यांचा रिवाज. न कमावलेल्या घासाविषयी त्या परिसरात निराळे काही सांगावे लागू नये.

व्यायामाची परंपराही येथे नवी नाही. १९१४ साली वैद्य बंधूंनी अमरावतीत उभारलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन भारतीय खेळ जगाला दाखवले. त्या परंपरेच्या छायेत वाढणाऱ्या शाळांनी पुढील हंगामापूर्वी एवढे तरी करावे. प्रवेशिकेसोबत जन्मनोंदीची मूळ प्रत मागावी, संशय आल्यास हरकत घेण्याचा अधिकार कोणत्याही शाळेला, अगदी हरलेल्या मुलाच्या वडिलांनाही असावा, आणि तालुका पातळीवर पंच दुसऱ्या तालुक्यातून बोलवावेत. खर्च फारसा नाही. अडचण असलीच तर ती प्रवेशिकेच्या तळाशी, मुख्याध्यापकांच्या सहीसाठी सोडलेल्या त्या रिकाम्या जागेपाशी आहे. तेथे सही करताना समोर उभा असलेला मुलगा एकदा नीट पाहून घ्यावा.