हवेचा धनी कोण?

तंजावरास बदलून आलेला मराठी माणूस सरस्वती महाल पाहतो, बृहदीश्वराच्या भिंतीवरील १८०३ चा भोसले वंशाचा मराठी शिलालेख वाचतो आणि कृतार्थ होतो. त्या भिंतीबाहेरील धुराकडे मात्र त्याचे लक्ष जात नाही. २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात तमिळनाडूतील चेन्नई, मदुरै, तिरुचिरापल्ली आणि तूत्तुक्कुडी आहेत, तंजावर नाही. ‘मग आम्हांस काय त्याचे?’ असे येथील मालकवर्गाने म्हणावे, हे तर्कट होय. यादीत नाव नाही एवढ्याने हवा शुद्ध ठरत नाही.

१९८१ चा हवा-प्रदूषण कायदा भातगिरणीच्या धुराड्यास जाब विचारू शकतो; परंतु दहाच्या ठोक्याला रस्त्यावर लोटणाऱ्या वाहनांचे काय? ती धन्याच्याच वेळापत्रकाने धावतात. कामाच्या वेळा विभागणे, नोकरांसाठी सामायिक बस ठेवणे, सायकलींना छप्पर घालणे, हे त्याच्याच हातचे आहे. त्यासाठी नव्या कायद्याची वाट कशाला पाहावी?

आणि वाचकहो, सरकार हेही धनीच आहे. येथे त्याच्या वतीने सही करणारे आपणच. साहेबांची वाट पाहत दाराशी धुरकणारी मोटारही आपल्याच कचेरीची. व्यापाऱ्यास परिपत्रक धाडण्यापूर्वी तिचे यंत्र बंद करावयास सांगावे.