पुट्टीखालची ओल

वाकडचा सॅम्पल फ्लॅट बघून मी फुल फिदा झाले होते! पझेशन मिळालं, गृहप्रवेश झाला आणि पहिल्याच पावसात बेडरूमच्या भिंतीवर ओलीचा नकाशा उमटला. बिल्डरच्या ऑफिसात फोन केला. ‘मॅडम, पाऊस थांबू द्या, बघतो ना.’ दिवाळीआधी माणूस आला, पुट्टी-रंग मारून गेला. सलग चार पावसाळे हेच. ओल परत, फोन परत, रंग परत!

परवा आई म्हणाली, ‘अगं, रंगानं गळती थांबते होय? बाहेरची भेग बुजवायला सांग. आणि लेखी दे.’ मग कायदा वाचला. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १४(३) सांगतं, ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष कळवला, तर बिल्डरनं तो ३० दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई.

माझे फक्त दोन महिने उरलेत. फोटो काढले, तारखा घालून पत्र लिहिलं, स्पीड पोस्टानं धाडलं. पोचपावती फाइलमध्ये!

तुम्हीही पझेशन लेटरवरची तारीख आजच बघा. कारण फोनवरच्या ‘बघतो’ला तारीख नसते, बॉस!