‘अंतरा’चे यश संवादावर अवलंबून
पाळी चुकली की दिवस गेल्याची शंका घेतली जाते. त्यामुळे ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेणाऱ्या स्त्रीची खरी कसोटी दवाखान्यात नव्हे, घरात लागते. २०१७ मध्ये केंद्र सरकारने ते सरकारी आरोग्यसेवेत मोफत आणले. पहिल्या दहा राज्यांत मध्य प्रदेश होता, तसाच गोवाही.

दर तीन महिन्यांनी घ्यावयाच्या या इंजेक्शनातील संप्रेरक स्त्रीबीज सुटू देत नाही आणि गर्भाशयाचे अस्तर पातळ ठेवते. त्यामुळे आरंभी अनियमित रक्तस्राव होतो. वर्षभरात सुमारे निम्म्या स्त्रियांची पाळी थांबते. रक्त आत साचते, ही समजूत निराधार आहे. अस्तरच वाढत नाही, तर साचणार काय? इंजेक्शन बंद केल्यावर पाळी परतते. गर्भधारणेस मात्र काही महिने विलंब होऊ शकतो.

‘माला-एन’मध्ये २१ संप्रेरक गोळ्यांनंतर लोहाच्या ७ गोळ्या घेताना रक्तस्राव होतो, म्हणून धीर वाटतो. वस्तुतः तीही नैसर्गिक पाळी नव्हे.

हे आधी सांगितले नाही, तर स्त्री घाबरून पुढची मात्रा टाळते आणि नको असलेले गर्भारपण ओढवते. अतिरक्तस्राव झाल्यास तपासणी हवीच. परंतु अपेक्षित बदल आणि आजार यांतील फरक तिला ठाऊक हवा. ओला-सुका कचरा वेगळा करण्याची सवय इंदूरने घरोघरी समजावून रुजवली. तीच चिकाटी येथे हवी, आणि त्या संवादात पतीही हवा. केवळ इंजेक्शनांचा साठा पुरवून कुटुंबनियोजन साधत नाही.