कपाटाची किल्ली कुणाकडे?

आमच्या द्विशिक्षकी शाळेत मी रुजू झालो तेव्हा पुस्तकांचं लोखंडी कपाट कार्यालयातल्या खुर्चीमागे उभं होतं. आत अडीचशेच्या वर पुस्तकं होती, कोरी करकरीत, काही तर अजून सुतळीच्या गठ्ठ्यातच. किल्ली कुठे म्हणून विचारलं, तर उत्तर तयार होतं : "सर, मुलं फाडतात हो." हेच उत्तर पुढे मी कितीतरी शाळांत ऐकलं. पूर्वपक्ष म्हणून ते आधी प्रामाणिकपणे मांडतो, कारण त्यात तथ्य आहे. मुलं पुस्तकं फाडतात. आम्ही कपाट उघडलं त्या पहिल्या वर्षी आमचीही फाटली, आणि चार गेली ती परत आलीच नाहीत.

पण मुलं का फाडतात, हे कोण पाहतं? आमच्या पहिलीतल्या एका मुलाला मी पान उलटताना पाहिलं. तो पानाच्या मधोमध, शिवणीजवळ, अंगठा दाबायचा आणि पान ओढायचा. घरात पुस्तक नव्हतंच, तर पान वरच्या कोपऱ्याला धरायचं असतं हे त्याला कळावं कुठून? मी त्याचं बोट धरून कोपऱ्यावर नेलं. चार दिवसांत तो इतरांना दाखवू लागला. पाटीवर पेन्सिल कशी धरायची हे आपण महिनाभर शिकवतो, आणि पुस्तक कसं धरायचं ते न शिकवता मुलाला दोषी ठरवतो. हा अन्याय आहे.

शिवाय फाटण्याचं कारण खरं कारण नाहीच. खरी भीती नोंदवहीची आहे. ज्या शिक्षकाच्या नावावर चार्ज आहे, त्याची बदली झाली की एकेक दाखल क्रमांक मोजून द्यावा लागतो. कमी पडलं तर पदरचे पैसे भरावे लागतील, या धास्तीने चांगली माणसंसुद्धा कुलूप लावतात. त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण पुस्तक म्हणजे घंटा किंवा टेबल नव्हे. वापराने झिजलेल्या पुस्तकाचं रीतसर निर्लेखन करता येतं, आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांनी कोऱ्या पुस्तकांबद्दल शाबासकी न देता खुलासा मागायला हवा. युरोपात एके काळी पुस्तकं साखळ्यांनी बांधून ठेवत. पुस्तकं वापरासाठी असतात, हा ग्रंथालयशास्त्राचा पहिला नियम रंगनाथन यांनी 1931 साली मांडला, तेव्हा त्या साखळ्यांचा दाखला दिला होता. आपली साखळी कागदी आहे, एवढाच फरक.

दुसरा आक्षेप जास्त शहाणा वाटतो म्हणून जास्त घातक आहे : "आधी वाचता येऊ द्या, मग पुस्तकं." हरिपाठाला आजोबांच्या मांडीवर बसलेलं चार वर्षांचं पोर आधी टाळ धरतं, मग चाल, आणि शब्द सगळ्यात शेवटी. त्याला कुणी उठवत नाही. मग अक्षरओळख पुरी होईपर्यंत पुस्तकाच्या कपाटाबाहेरच थांबायचं, हा नियम आला कुठून? दुसरीतल्या एका मुलीच्या खात्यावर एकाच चित्रपुस्तकाचा नंबर ओळीने सात वेळा पडला. माझे सहकारी म्हणाले, आता दुसरं द्या तिला. मीही तेच म्हणणार होतो. आठव्या वेळी ती पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "सर, ही मांजर मागच्या पानावर खिडकीत बसलीय. मग इथं आली." वर्षभर ते पुस्तक मी वाचून दाखवत होतो आणि खिडकीतली मांजर मला दिसली नव्हती. त्यानंतर तिने बोट ठेवून 'खिडकी' हा शब्द शोधला. तिला तो शब्द हवा होता म्हणून तो आला.

"पण ग्रंथपाल कुठे आहे?" ही तक्रार मात्र रास्त आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय सांगितलं आहे, त्यात वर्तमानपत्र, मासिकं, गोष्टींची पुस्तकंही सांगितली आहेत. शिक्षकांच्या रकान्यात मात्र कलाशिक्षणाचे अंशकालीन निदेशक आहेत, ग्रंथपाल नाही. यासाठी भांडलंच पाहिजे. पण भांडण चालू असताना कपाट बंद ठेवणं म्हणजे त्याची शिक्षा मुलांना देणं. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये ग्रंथपाल बोर्डन यांना अमेरिकेहून बोलावून बडोद्यात ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली, तेव्हा खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरत असत. गावात कपाट नव्हतं तर पेटी गेली. आमच्याकडे खिडक्यांच्या गजांना बांधलेली सुतळी आहे, तिच्यावर पन्नास पुस्तकं उलटी टांगलेली असतात. देवघेवीची वही चौथीची मुलं लिहितात. पहिलीची मुलं सही येत नाही म्हणून खूण काढतात, कुणी फूल, कुणी बैल.

आणि ग्रंथालय वापरणं हा शिकवायचा विषय आहे, नुसती वेळापत्रकातली मोकळी तासिका नव्हे. पुस्तक काढलं की त्या जागी आपल्या नावाची पुठ्ठ्याची पट्टी लावायची. गोष्टींच्या पुस्तकांच्या कण्यावर लाल टिकली, प्राणी-झाडांच्या हिरवी, कवितांच्या पिवळी. निवडताना मधलंच एक पान वाचायचं, न कळलेल्या शब्दाला एक बोट दुमडायचं. मूठ मिटली तर ते पुस्तक सरांकडून ऐकायचं. तिसरी-चौथीला मी फळ्यावर प्रश्न लिहितो : पाल भिंतीवरून पडत का नाही? उत्तर सांगत नाही. मुलं हिरव्या टिकलीकडे धावतात, अनुक्रमणिका काढतात, चुकीचं पान उघडतात, वाद घालतात. ती अर्धी तासिका मला आठवड्यातल्या कुठल्याही पाठापेक्षा मोलाची वाटते. दरवर्षी 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनी पुस्तकं टेबलावर मांडून फोटो काढतात. त्याला माझा विरोध नाही, फक्त 16 तारखेला ती टेबलावरच राहू द्या.

मोबाइलवर सगळं मिळतं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन की आमच्या वाडीत मोबाइल एक, तो वडिलांच्या खिशात, आणि वडील दिवसभर उसाच्या फडात.

यंदा निर्लेखनाची यादी केली तेव्हा अकरा पुस्तकं निघाली. यादी मुलांसमोर वाचली. सहावं नाव येताच चौथीचे तिघं उठले. ते पुस्तक द्यायचं नाही म्हणाले. त्याचं कव्हर कधीच गेलं होतं, मधली आठ पानं सुटली होती. शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी खळ केली, दाभणाने भोकं पाडून पानं शिवली आणि जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूचं कव्हर घातलं. त्यावर पुस्तकाचं नाव आहे, लेखकाचं नाव आहे, आणि खाली बारीक अक्षरात 'शिवणारे' म्हणून तीन नावं. यादीतला तो क्रमांक मी खोडला आहे.