पूर्ण संच घ्यावा का?

घरी लग्नपत्रिकांचे काम सुरू करणाऱ्या एका भगिनीने विचारले आहे : भिशीचे पैसे आलेत, कोरलड्रॉचा संच घेऊ का? संचात रेखाटन, फोटो-पेंट, फॉन्ट मॅनेजर असे बरेच येते. पत्रिकेला त्यातले थोडेच लागते. आधी छापखान्यात विचारा, त्यांच्याकडे कोणती आवृत्ती आहे. नव्या आवृत्तीची फाइल जुन्यात उघडत नाही. सेव्ह करतानाच जुनी आवृत्ती निवडावी लागते. ते पीडीएफ घेत असतील तर इंकस्केप, गिंप मोफत आहेत. उर्दू मजकुराला नोटो नस्तालिक फॉन्टही. मात्र छपाईत रंग बदलतात, एक नमुना छापून पाहाच. चोरीची प्रत कुणी फुकट दिली तरी नको. भिशीचे पैसे सध्या प्रिंटरसाठी ठेवा.